ठेवपावतीवरचे दुसरे नाव

एकतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी जे सल्ले फुकट वाटले, त्यांतला एक फार लोकप्रिय होता. कोणी आजोबा निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत टाकायला आले की मी विचारायचे, "दुसरे नाव कोणाचे घालायचे?" ते घुटमळले की मीच सुचवायचे, "मुलाचे घाला. दोघांपैकी कोणीही किंवा हयात. उद्या काही झाले तर त्याला दाखल्यांसाठी वणवण नको." आजोबा मान डोलवायचे, मुलगा पुढच्या खेपेला येऊन सही करून जायचा आणि पावती कपाटाच्या चोरकप्प्यात जाऊन बसायची. त्या मुलांपैकी बरीच पुढे न्यू जर्सीला, टेक्सासला, कॅलिफोर्नियाला गेली. पावत्या मात्र इथेच राहिल्या आणि दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या नावासकट त्यांचे नूतनीकरण होत राहिले.

माझ्या घरीही हेच झाले. यजमान गेल्यानंतर त्यांच्या जागी मी सगळीकडे मुलाचे नाव घातले. तो तेव्हाच अमेरिकेत स्थिरावला होता, ग्रीनकार्डही हाती होते. पैसे माझे, व्याज माझे, त्यावरचा कर माझ्या विवरणपत्रात मीच भरते. त्याचे नाव म्हणजे केवळ सोय. तीन वर्षांपूर्वी एका ठेवीचे नूतनीकरण करायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने मुलासाठी एक घोषणापत्र हातात ठेवले: तुम्ही कोणत्या देशाचे करदाते आहात, तिथला क्रमांक काय. मी ते मुलाकडे पाठवले आणि त्याने ते आपल्या तिथल्या कर सल्लागाराला दाखवले. त्याच रात्री फोन आला.

"आई, माझ्या नावावर तिकडे किती खाती आहेत?"

मी म्हटले, "तुझ्या नावावर कुठे? माझीच आहेत ती."

"माझे नाव आहे का त्यांच्यावर? सगळी काढ आणि मला यादी दे."

यादी करायला दीड दिवस लागला. अकरा मुदत ठेवी, तीन बचत खाती, सगळे मिळून एकेचाळीस लाख. अमेरिकेचा नियम असा आहे की तिथला नागरिक, ग्रीनकार्डधारक किंवा करासाठी रहिवासी ठरलेला कोणीही माणूस परदेशातल्या खात्यांवर नावाने असेल आणि त्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याने त्या खात्यांची माहिती तिथल्या अर्थखात्याला कळवायची. पैसे खरे कोणाचे, हा प्रश्नच तिथे येत नाही. खात्यावर नाव आहे ना, मग कळवा. दहा हजार डॉलर म्हणजे काही लाख रुपये. एका मध्यमवर्गीय निवृत्त जोडप्याच्या भविष्यनिर्वाह निधीपुढे ही रक्कम किती, हे वाचकांना सांगायला नको. माझ्या मुलाने दर वर्षी विवरणपत्रातल्या "परदेशात खाते आहे का" या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे "नाही" लिहिले होते. त्याच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण ती खाती आईची.

या नियमाचा उगम १९७० च्या एका अमेरिकन कायद्यात आहे आणि दहा हजारांची मर्यादा कित्येक दशके तसूभरही हललेली नाही. बराच काळ त्याची कोणी फारशी तमा बाळगत नव्हते. मग २००९ मध्ये यूबीएस या स्विस बँकेने अमेरिकन धनिकांचा पैसा दडवायला मदत केल्याची कबुली दिली, ७८ कोटी डॉलर मोजले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की जगातल्या बँकांनी आपल्याकडच्या अमेरिकन करदात्यांची माहिती द्यावी. भारताशी त्याबाबतचा करार जुलै २०१५ मध्ये झाला. तेव्हापासून आपल्या बँका, म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या ती घोषणापत्रे घेत आहेत. जाळे टाकले होते झुरिचच्या तिजोऱ्यांसाठी, त्यात सापडल्या ठाण्यातल्या ठेवपावत्या.

दंडाचे आकडे वाचून माझी झोप उडाली होती. हेतू नसतानाही दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो (महागाईनुसार तो आकडा वाढत जातो), आणि तो दर खात्यामागे की दर वर्षाच्या अहवालामागे, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अलेक्झांड्रु बिटनर नावाचे रोमानियात जन्मलेले अमेरिकन नागरिक मायदेशी परतून व्यवसाय करत होते. पाच वर्षांत २७२ खात्यांची माहिती दिली नाही म्हणून सरकारने त्यांच्याकडे २७ लाख २० हजार डॉलर मागितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी, की दंड अहवालामागे मोजायचा; म्हणजे पन्नास हजार. एका मताचा फरक. आमच्या चौदा खात्यांचा हिशेब मी कागदाच्या कोपऱ्यात दोन्ही पद्धतींनी करून पाहिला होता आणि मग तो कागद फाडून टाकला.

मुलाने मागच्या सहा वर्षांचे अहवाल भरले. खाती आईची आहेत, व्याजावर ती भारतात कर भरते, त्यात आपले उत्पन्न काही नाही, असा खुलासा सोबत जोडला. दंड झाला नाही. सल्लागाराची फी मात्र झाली आणि माझी चार किलो वजने उतरली, ती पुन्हा चढली हा भाग वेगळा.

या सगळ्या धावपळीत मला एक गोष्ट उमगली, ती कित्येक वर्षे बँकेत असूनही उमगली नव्हती. आपल्याकडे "दोन देशांत कर" म्हटले की पहिली भीती असते ती दोनदा भरावा लागण्याची. ती भीती बहुतांशी निराधार आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ च्या सप्टेंबरात झाला आणि १९९० च्या डिसेंबरात अमलात आला. त्याचे तत्त्व साधे आहे. जिथे उत्पन्न उगवते त्या देशाचा पहिला हात, जिथे माणूस राहतो त्या देशाचा दुसरा, आणि दुसऱ्याने पहिल्याला दिलेला कर वजा धरायचा. समजा, न्यू जर्सीतल्या माणसाचे पुण्यातले घर भाड्याने दिले आहे आणि त्यावर भारतात चाळीस हजार रुपये कर झाला. अमेरिकेच्या हिशेबाने त्याच भाड्यावर पासष्ट हजार होत असतील, तर तिथे फक्त वरचे पंचवीस हजार द्यायचे. उलट भारताचा कर जास्त असेल तर तिथे काही द्यायचे नाही, मात्र जास्तीचे परतही मिळत नाहीत. कर असा एकदाच, जो जास्त असेल तो, भरला जातो. सांगावे मात्र दोनदा लागते. आणि आपली माणसे अडकतात ती भरण्यात नव्हे, सांगण्यात.

कारण आपल्याकडे घरातला पैसा कोणाचा, हे कोणी सांगत नाही. वडिलांच्या ठेवीवर मुलाचे नाव, मुलाच्या खात्यावर आईची सही, बहिणीच्या लग्नासाठी भावाच्या नावे ठेवलेली रक्कम, काकांच्या जमिनीच्या उताऱ्यावर सगळ्यांची नावे. या सरमिसळीला आपण विश्वास म्हणतो, आणि तो विश्वासच असतो. पण कर खात्याला, मग ते दिल्लीचे असो की वॉशिंग्टनचे, एक माणूस, एक नाव, एक रक्कम एवढेच कळते.

"करमुक्त" या शब्दाचेही तसेच. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त आहे, आणि मी स्वतः कित्येकांना तसे ठासून सांगितलेले आहे. ते भारतात करमुक्त आहे. अमेरिकेत राहणाऱ्याला तिथे त्यावर पूर्ण कर द्यावा लागतो, आणि इथे काहीच भरलेले नसल्यामुळे वजाही काही होत नाही. आपल्या म्युच्युअल फंडांना तर अमेरिकेने इतक्या किचकट वर्गात टाकले आहे की दर फंडामागे वेगळा फॉर्म लागू शकतो, आणि तो भरण्याची फी कधी कधी फंडाच्या नफ्याहून जास्त होते. भरीस भर म्हणजे आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचे जानेवारी ते डिसेंबर. एकाच भाड्याचे पैसे दोन्ही देशांत दोन वेगवेगळ्या वर्षांत कापून मांडावे लागतात आणि भारतातल्या कराचा नक्की आकडा ठरण्याआधीच तिकडची १५ एप्रिलची मुदत येऊन ठेपते.

आमच्याच सोसायटीतल्या एका भावाबहिणीचे उदाहरण सांगते. वडिलांनी १९७८ साली डोंबिवलीत घेतलेला फ्लॅट ते २०१९ मध्ये गेल्यावर दोघांच्या नावे झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात एक कोटी वीस लाखांना विकला गेला. साठ-साठ लाख. बहीण डोंबिवलीची, तिच्या वाट्यातून खरेदीदाराने एक टक्का, म्हणजे साठ हजार कापले. भाऊ कॅलिफोर्नियाचा, त्याच्या वाट्यातून साडेबारा टक्के, म्हणजे साडेसात लाख, वर अधिभार आणि उपकर. अनिवासी विक्रेत्याने आयकर खात्याकडून आधी कमी कपातीचा दाखला आणला नाही, तर खरेदीदार सहसा नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. भावाला वाटले, बहिणीने काहीतरी केले. तीन महिने फोन बंद.

खरी गंमत पुढेच आहे. भारत नफा मोजताना वडिलांची खरेदी किंमत किंवा १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरतो. रहिवासी असलेल्या बहिणीला महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांची जुनी पद्धत निवडायची मुभा आहे, जुलै २०२४ मध्ये नियम बदलले तेव्हापासून भावाला ती नाही. अमेरिका मात्र वारशाने आलेल्या घराची किंमत मृत्यूच्या दिवशीची धरते. म्हणजे तिच्या लेखी २०१९ ते २०२४ एवढाच काय तो नफा. भावाने भारतात भरलेला भरभक्कम कर तिथे वजा करायला त्याच्याजवळ तेवढा तिथला करच नाही; उरलेले श्रेय दहा वर्षे पुढे ओढत न्यायचे आणि कधी उपयोगी पडेल याची वाट बघायची. चार भिंती त्याच, बाप तोच, आणि दोन भावंडांच्या हातात पडलेल्या रकमा निराळ्या. यात बहिणीचा काय दोष? पण हे विक्रीआधी कोणी बसून सांगितले असते, तर ते तीन महिने वाचले असते. आता बोलतात दोघे.

आता माझ्या स्वतःच्या प्रकरणाकडे येते. नात झाल्यापासून मी दर वर्षी मे महिन्यात जाते आणि दिवाळीच्या आधी परतते. पर्यटक व्हिसावर, सहा महिन्यांच्या आत, सगळे रीतसर. एक डॉलर तिथे कधी कमावला नाही. तरीही मी अमेरिकेची करदाती ठरू शकते, हे मुलाच्या सल्लागाराने सांगितले तेव्हा मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. या वर्षी तिथे काढलेले सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा. ही बेरीज १८३ झाली की माणूस करापुरता तिथला रहिवासी. व्हिसा पर्यटकाचा असला तरी यातून सुटका नाही. दर वर्षी १२२ दिवस राहिले तरी तिसऱ्या वर्षी बेरीज बरोबर १८३ होते. मी राहत होते १६५. माझी बेरीज २४७ च्या पुढे गेली होती. उरलेले दोनशे दिवस मी ठाण्यात, म्हणजे भारताचीही रहिवासी. बाळंतपण आणि नंतर नात सांभाळायला गेलेल्या किती आज्यांना हे माहीत असेल? विमानात शेजारी बसलेल्या अशा निदान दहाजणींशी मी बोलले आहे, एकीलाही नव्हते.

सुटकेची वाट आहे, आणि ती सोपी आहे. त्या वर्षात तिथले दिवस १८३ च्या आत असतील आणि आपले घर, आपले संबंध दुसऱ्या देशाशी अधिक जवळचे असतील, तर तसे एका फॉर्मवर मुदतीत कळवायचे. क्रमांक ८८४०. पुन्हा तेच, भरायचे काही नाही, सांगायचे आहे. (ज्या आईवडिलांनी मुलाच्या आग्रहाने ग्रीनकार्ड घेतले आहे, त्यांना मात्र ही वाट बंद. त्यांचे पेन्शन, ठेवी, टपालाच्या योजना, सगळेच उत्पन्न अमेरिकेला दाखवावे लागते. ग्रीनकार्ड घेताना हे कोणी सांगत नाही, विमानतळावरच्या रांगेतली सोय तेवढी सांगतात.)

तो फॉर्म मी स्वतः भरायचा ठरवला. एका दुपारी नात झोपली असताना बसले. तुमचे कायमचे घर कुठे? ठाणे. तुमचे सामानसुमान, फर्निचर, दागिने कुठे? ठाणे, दागिने लॉकरमध्ये. मतदार यादीत नाव कुठे? ठाणे. सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक संस्थांशी संबंध कुठे? आमचे महिला मंडळ, वाचनालय, दोन्ही ठाण्यात. मग प्रश्न आला, तुमचे कुटुंब कुठे आहे? तिथे पेन थांबले. यजमान नाहीत. मुलगी नाशकात. मुलगा, सून आणि शेजारच्या खोलीत झोपलेली नात न्यू जर्सीत. मुलाला विचारले, काय लिहू? तो म्हणाला, "जे आहे ते लिही. सगळी उत्तरे एका बाजूला पडायला हवीत असे नाही." मी दोन्ही पत्ते लिहिले.

दोन्ही देशांच्या करारात, एकच माणूस दोन्हीकडचा रहिवासी ठरला तर कोणाचा मानायचा, यासाठी एक पायऱ्यांची रचना आहे. आधी कायमचे घर कुठे ते बघायचे, दोन्हीकडे असेल तर व्यक्तिगत आणि आर्थिक संबंध कुठे अधिक निकटचे ते, तेही ठरेना तर नेहमीचा वावर कुठे, मग नागरिकत्व. करारातली दुसरी पायरी वाचताना मला वाटले, हे वकिलाने लिहिले असले तरी त्याची आई त्याच्यापासून लांब राहत असावी.

आपल्या सरकारचे मोजमापही काही सोपे नाही. साधारण १८२ दिवसांचा नियम सर्वांना माहीत असतो. पण भेटीला येणाऱ्या अनिवासी भारतीयाचे इथले उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल तर २०२० पासून त्याला १२० दिवसांचाही हिशेब ठेवावा लागतो. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आला, कलमांचे क्रमांक बदलले, दिवस मोजण्याची रीत तीच राहिली. बऱ्याच वर्षांनी कायमचे परतणाऱ्यांना पहिली दोन-तीन वर्षे परदेशातल्या उत्पन्नावर सूट मिळते, ही चांगली तरतूद आहे. पण ती मुदत संपल्यावर तिकडची खाती, शेअर्स, निवृत्ती निधी सगळे विवरणपत्रात दाखवावे लागतात. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यान्वये दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सवलत मिळाली आहे. म्हणजे आपल्या सरकारला निदान छोटा माणूस आणि तिजोरीवाला यांच्यातला फरक दिसू लागला आहे. अमेरिकेने दहा हजारांचा आकडा तसाच ठेवावा, हे मला पटत नाही.

मी कर देण्याच्या विरोधात नाही. माझी नात तिथल्या सरकारी शाळेत फुकट शिकते, ती शाळा कोणाच्या तरी करातूनच चालते. माझी तक्रार काउंटरच्या या बाजूची आहे. बँका घोषणापत्रावर सही घेतात, पण ते का, याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मीही काढले नसते, कारण मलाच माहीत नव्हते. ठेवीच्या अर्जावर दुसऱ्या नावाच्या रकान्याखाली एक ओळ छापायला काय हरकत आहे, की ही व्यक्ती परदेशात करदाती असेल तर तिला तिथे हे खाते कळवावे लागू शकते? मराठीत छापावी, म्हणजे आजोबांनाही वाचता येईल.

गेल्या जानेवारीत मी सगळ्या पावत्या घेऊन शाखेत गेले. मुलाचे नाव काढले. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत वारसदार नेमता येतात, तिथे मुलगा आणि मुलगी दोघांची नावे घातली. नेमलेला वारसदार म्हणजे खातेदार नव्हे. पण उद्या मी दवाखान्यात असले तर तो पैसेही काढू शकणार नाही, म्हणून दुसरे नाव नाशिकच्या मुलीचे घातले. रात्री मुलाला सांगितले. तो म्हणाला, "बरे केलेस." मग जरा वेळाने, "बाबांनी सगळ्यात पहिली ठेव केली होती, माझ्या मुंजीच्या पैशांची, तिच्यावरचेही काढलेस का?"

ती काढली नव्हती. पंचवीस हजारांची आहे, मूळ नाव त्याचेच. तेवढी एक तो दर वर्षी कळवणार आहे.